तळ्याकाठचे पंचवीस उन्हाळे

मित्रांनो, मी जुनी सूटकेस आहे आणि हे सांगताना मला जराही कमीपणा वाटत नाही. माझा रंग जांभळाच्या डागासारखा आहे, कोपरे पितळी आहेत आणि कड्या दोन आहेत. मला चाके नाहीत. आजकालच्या बॅगा चाकांवर तुरुतुरु पळतात आणि पहिल्याच खड्ड्यात लंगड्या होतात. मला मात्र उचलावे लागते. ज्याला माझे वजन कळते तो निम्म्या नको त्या वस्तू घरीच ठेवतो. या एका गोष्टीसाठी तरी माझा मान राखायला हवा.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे कडक शीट तापवून साच्यावर दाबत. आतले अस्तर चिकटवायला एक बाई होती. ती कापडावरून तळहात फिरवत नसे, मनगटाची मागची बाजू फिरवत असे, कारण तळहाताचा घाम कापडाला लागतो. इतक्या निगुतीने काम झालेली मी. शेवटी आम्हा सगळ्यांची परीक्षा झाली. पोटात वाळूच्या पिशव्या भरून कमरेएवढ्या उंचीवरून तीनदा आपटले. माझ्या शेजारची दुसऱ्याच आपटीला फुटली. मी तिसऱ्या आपटीनंतरही कड्या घट्ट मिटून पडले होते. तेव्हापासून मला माझ्याबद्दल कधी शंका वाटलेली नाही.

दुकानाच्या काचेआड मी सात महिने काढले. मग एक नवे जोडपे आले. त्यांना मी पुढे काका आणि काकू म्हणणार आहे, कारण आज ते त्याच वयाचे आहेत. काका कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापे घेऊन पाठवतात आणि काका त्या मापावरून बोळक्या तोंडांसाठी दात घडवतात. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी समोरच्याला जेवता येत नाही, त्यामुळे काकांना कुठलीच गोष्ट अंदाजपंचे करता येत नाही. काकू इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरी करत. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. त्यांनी दुकानात माझी कडी वीस वेळा उघडली आणि मिटली. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण मला ती बाई फार आवडली.

काका मात्र ऐटीत म्हणाले, "सगळ्यात मोठी द्या. आम्ही दर वर्षी कुठंतरी फिरायला जाणार आहोत."

मित्रांनो, मी खूप काम केले. काकूंच्या बाळंतपणाला इस्पितळात गेले. काकूंची आई आजारी पडली तेव्हा दोन महिने तिच्या पलंगाखाली राहिले. लेक शिकायला वसतिगृहात गेली तेव्हा तिचे कपडे, भांडी आणि रडे मीच वाहून नेले. काकांनी आपल्या कवळ्यांच्या दुकानाची जागा बदलली तेव्हा माझ्या पोटात प्लास्टरचे एकशे चाळीस जबडे होते. एवढे जबडे पोटात घेऊन रस्ता ओलांडणारी दुसरी सूटकेस मला दाखवा. फिरायला मात्र मी एकदाही गेले नाही.

काका कंजूष नव्हते. वाईट तर मुळीच नव्हते. पण दर वर्षी सुट्टीची वेळ आली की कुणाचे तरी दात अडायचे. कुणाच्या घरी लग्न, कुणाचा फोटो काढायचा, कुणी पंधरा दिवस नुसत्या पेजेवर. काका म्हणायचे, "एवढं उरकतो. पुढच्या वर्षी नक्की." लेक शिकून नोकरीला लागली, मोठ्या जहाजावर स्वयंपाक करू लागली आणि निम्मे जग बघून आली. काकांचे पुढचे वर्ष काही आले नाही.

मग मला माळ्यावर टाकले. आधी माझ्यात जुनी पांघरुणे भरली, नंतर पडद्यांचे दांडे, नंतर एक बंद पडलेला मिक्सर. मिक्सर, मित्रांनो! साफ बिघडलेला आणि वर कायम तक्रार करणारा. अकरा वर्षे मी धूळ खात पडले. वाईट वाटले का? वाटले. रोज वाटले. पण मी कड्या सैल पडू दिल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी काकू निवृत्त झाल्या आणि त्यांना आयुष्यभराच्या नोकरीची एक रक्कम हातात मिळाली. किती ते मी सांगणार नाही, ती त्यांची गोष्ट आहे. पण बँकेतून आल्यावर त्या माळ्याखाली खुर्ची टाकून बसल्या आणि काकांना काय म्हणाल्या ते मी ऐकले.

"हे पैसे तसेच राहू द्यायचे. म्हातारपणी मला कुणापुढं हात पसरायचा नाही. तुमच्यापुढंसुद्धा नाही."

"माझ्यापुढं कशाला पसरशील? मीच तुझ्यापुढं पसरणार आहे," काका म्हणाले.

त्याच आठवड्यात मेट्रनबाई घरी आल्या. या काकूंच्या इस्पितळातल्या मोठ्या परिचारिका. निवृत्त झाल्या तरी चालताना अजून असे वाटते की वॉर्डाची पाहणी चालली आहे. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी बारा वर्षांपूर्वी एका तळ्याकाठच्या रिसॉर्टचे पॉइंट विकत घेतले होते. पॉइंट म्हणजे काय, ते मीही तेव्हाच शिकले. एकदाच मोठी रक्कम भरायची. मग पुढची पंचवीस वर्षे, दर वर्षी तुमच्या नावावर ठरावीक पॉइंट जमा होतात आणि ते खर्च करून तिथे राहता येते. गर्दीच्या दिवसांत खोलीला जास्त पॉइंट लागतात, एरवी कमी. शिवाय देखभालीची वर्गणी असते. ती दर वर्षी भरावीच लागते, तुम्ही जा किंवा जाऊ नका. आणि पॉइंट वापरले नाहीत तर ते वर्ष सरल्यावर बुडतात.

मेट्रनबाईंचे यजमान त्याच्या चार वर्षे आधी गेले होते. त्यानंतर बाईंनी तिथे पाऊल टाकले नव्हते.

"वर्गणी भरतेय आणि पॉइंट वाया जातायत," त्या काकूंना म्हणाल्या. "यंदाचे तू घे. भाडं म्हणून माझी वर्गणी निघाली तरी बास. आणि त्या कवळीवाल्याला ओढून ने."

अशी मी अकरा वर्षांनी माळ्यावरून खाली आले. काकूंनी मला ओल्या फडक्याने पुसले, मग कोरड्या फडक्याने, मग दोन दिवस उन्हात उघडे ठेवले. मिक्सर बाहेर गेला तेव्हा मी त्याला निरोपही दिला नाही.

रिसॉर्टच्या खोलीतून तळे दिसत होते. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते. दुसऱ्या कुणी त्यांचे कौतुक केले असते. काकूंनी एका हंसाची मान धरून तो उलगडला, शिवण पाहिली, वास घेतला आणि म्हणाल्या, "साबण नीट खंगाळत नाहीत." मग त्यांनी चादरीचा कोपरा उलटून पाहिला. तिथे एक पुसट शिक्का होता. काकू "हं" म्हणाल्या आणि चादर पुन्हा खोचून टाकली.

काकांनी तोवर मला उघडले आणि माझ्या तळाशी लपवलेली एक डबी हळूच बाहेर काढली. डबीत ओल्या कापसात गुंडाळलेली अर्धवट कवळी होती. हा माणूस सुट्टीवर काम घेऊन आला होता! काकूंनी पाहिले आणि दुसरा हंस उलगडायला घेतला. पहिल्या दिवशी काका खिडकीशी बसून कानस फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." ते संध्याकाळी परतले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. तिसऱ्या दिवशी डबी उघडलीच नाही. दोघेही दिवसभर तळ्याच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले. तेवढ्या एका दिवसात काका बदलले. खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा नवीनच दिसत होता.

आणि नेमके त्या संध्याकाळी त्यांनी स्वागतकक्षात एक फॉर्म भरला. नव्या पॉइंटांची माहिती तासभर ऐकली तर नाश्ता आणि नौकाविहार फुकट, असे त्यावर लिहिले होते. फॉर्मवर एक रकाना होता, 'हाताशी असलेली बचत'. लोक तिथे रेघ मारतात किंवा काहीतरी ठोकून देतात. काकांना अंदाजे लिहिणे जमत नाही, हे मी सांगितलेच आहे. त्यांनी स्वतःची बचत लिहिली, तिच्यापुढे काकूंची रक्कमही लिहिली, शेवटच्या आकड्यापर्यंत.

चौथ्या दिवशी सकाळी खोली सोडायची होती. सामान स्वागतकक्षात ठेवा म्हणाले, पण काकांनी मला सोडले नाही. "यात एका माणसाचे दात आहेत," त्यांनी तिथल्या मुलीला गंभीरपणे सांगितले. ती दचकून मागे सरली. त्यामुळे मी माहितीच्या दालनात गेले आणि पुढे जे घडले ते सगळे टेबलाच्या पायाशी उभी राहून ऐकले.

दालनात बारा गोल टेबले होती. प्रत्येक टेबलावर एकेक जोडपे आणि एकेक विक्रेता. आमच्या वाट्याला जो गृहस्थ आला त्याचे नाव काकूंनी मनातल्या मनात 'हसरा' ठेवले असावे, कारण नंतर त्या त्याला तेच म्हणत होत्या. वय चाळिशीचे, हसणे थांबतच नाही. त्याने आधी दोघांना एक नमुन्याची खोली दाखवून आणली, मग काकूंना तळ्याकडे तोंड असलेल्या खुर्चीवर बसवले आणि काकांना स्वतःच्या शेजारी. काकांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"वरचे पुढचे दोन बसवलेले आहेत ना?" त्यांनी विचारले. "छान काम आहे. कुणी केलं?"

हसरा क्षणभर हसायचा थांबला. मग म्हणाला, "सायकलवरून पडलो होतो, काका. तुमच्याआधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं." त्यानंतर त्या दोघांचे सूत जुळले.

हसरा बोलण्यात पटाईत होता. त्याने कागदावर पंचवीस चौकोन काढले. "हे तुमचे पंचवीस उन्हाळे. आज भाड्यानं राहिलात, पैसे दिले, संपलं. पुढच्या वर्षी मालकाची मर्जी. भाडं वाढलं, तारीख मिळाली नाही, तर काय कराल? विकत घेतलंत की आपलं. तुमच्यानंतर तुमच्या लेकीचं."

"आमची लेक जहाजावर असते," काकू म्हणाल्या. "तिला पाणी बघून वीट आलाय. आणि लेकीला पॉइंट मिळतील, तशी वर्गणीही मिळेल ना?"

"तसा नियम आहे," हसरा म्हणाला.

"म्हणजे माझ्यानंतर तिला बिल येणार."

"काकू, तुम्ही फार पुढचा विचार करता."

"पंचवीस वर्षांचं तुम्हीच काढलंत. शेवटच्या चौकोनात हे शहाऐंशी वर्षांचे असतील. तेव्हा यांना पायरीवरून उठवायला तुम्ही येणार का?"

शेजारच्या टेबलावरचे जोडपे हसले. काका मात्र हसले नाहीत. ते त्या चौकोनांकडे बघत होते. पंचवीस चौकोन आणि प्रत्येकात पाण्यात सोडलेले चार पाय, असेच काहीसे त्यांना दिसत असावे.

मग हसऱ्याने किंमत लिहिली. काकूंनी कागद जवळ ओढला, दोनदा वाचला आणि काकांकडे पाहिले. "हे माझ्या रकमेच्या अगदी जवळचं आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "यांना कसं ठाऊक?"

काकांचे कान लाल झाले. "फॉर्मवर विचारलं होतं."

"आणि तुम्ही लिहिलंत."

"विचारल्यावर खोटं कसं लिहू?"

काकू रागावतील असे मला वाटले. त्या फक्त उठल्या. "मी हात धुऊन येते," म्हणाल्या आणि निघून गेल्या. हात धुवायला पंचवीस मिनिटे लागली.

ती पंचवीस मिनिटे माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड होती. हसरा आतल्या साहेबांशी बोलून आला आणि त्याने किंमत कमी करून लिहिली. "ही फक्त आज दुपारपर्यंत. आणि काका, काकू यायच्या आत सही करा. त्यांना आनंदाचा धक्का द्या. तीस वर्षांत कधी दिलाय का?"

मित्रांनो, तो नेम बरोबर लागला. काकांनी पेन हातात घेतले. गोष्टीतली सूटकेस असती तर तिची कडी खाडकन उघडली असती, कवळी घरंगळत बाहेर आली असती आणि काका भानावर आले असते. मी खोटे सांगणार नाही. माझ्या कड्या घट्ट आहेत. मी नुसती उभी होते. त्या पेनाखाली काकूंचे सगळे म्हातारपण होते आणि ते मला एकटीलाच दिसते आहे असे वाटत होते.

काकांनी पेनाचे टोपण काढले. कागदावर टेकवले. मग पुन्हा टोपण लावले. "पैसे तिचे आहेत," ते म्हणाले. "सही तिची लागेल. थांबू."

माझा जीव भांड्यात पडला.

काकू आल्या तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या आणि हसऱ्याला सोडून सरळ काकांशी बोलू लागल्या.

"मी इथल्या धुलाईघरात जाऊन आले. बाई चांगली आहे, मशीन मात्र हलतं. आज एकवीस खोल्यांची गाठोडी आलीयत. खोल्या आहेत साठ. गर्दीचे दोन महिने सोडले तर वर्षभर हेच चालतं म्हणाली. म्हणजे निम्म्याहून जास्त खोल्या रिकाम्या. आलेल्यांतले कितीतरी दुसऱ्याच्या पॉइंटवर आलेले, आपल्यासारखे. पॉइंट घेऊन बसलेले लोक भाडेकरू शोधत फिरतायत. मग आपल्याला भाड्यानं मिळणार नाही ही भीती कशाची?"

हसऱ्याने तोंड उघडले. काकूंनी हात वर केला. तो धुलाईघरातला, मशीन थांबवायचा हात असावा. हसरा गप्प झाला.

"आणि चादरींवर त्या वापरात कधी आल्या त्याचा शिक्का असतो. आमच्याकडेही असायचा. आपल्या खोलीतल्या चादरी सात वर्षांच्या आहेत. मघाशी यांनी दाखवलेल्या नमुन्याच्या खोलीतल्या यंदाच्या. वर्गणी दर वर्षी वाढते म्हणे, तर ती चादरींवर तरी खर्च होत नाहीय."

मी कितीतरी माणसे पाहिली आहेत. हिशेबाच्या वह्या उघडून, चष्मे लावून, डोकी खाजवत निर्णय घेणारी. काकूंनी चादरीचा कोपरा उलटून आणि गाठोडी मोजून सगळे रिसॉर्ट वाचले. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांचे सामान वाहिल्याचाही अभिमान वाटला.

पण काका खाली मान घालून बसले होते. "तुझं सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "तरी मला घ्यायचेत."

"का?"

काकांनी पेन बाजूला ठेवले. मग एकदम बोलू लागले. "मला त्या तळ्याचं काही नाही गं. मला माझाच भरवसा नाही. भाड्यानं घ्यायचं म्हणजे दर वर्षी नव्यानं ठरवायचं. आणि मी ठरवणार नाही, मला ठाऊक आहे. कुणीतरी येईल, दात अडलेत म्हणेल आणि मी पुन्हा म्हणेन, पुढच्या वर्षी. एवढे पैसे भरले की मग यावंच लागेल. मी काल त्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा मोजत होतो. किती वर्षं गेली ते."

हसरा टेबलाकडे बघू लागला.

"म्हणजे माझ्या पैशांनी स्वतःला बांधून घ्यायचंय तुम्हाला," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "त्याला एवढी महागाची दोरी कशाला? मी सांगितलं तर नाही का येणार?"

काकांनी मान वर केली. "तू सांगितलंस कधी? मी दर वेळी म्हणायचो पुढच्या वर्षी आणि तू म्हणायचीस, असू दे. तीस वर्षं तू असू देच म्हणालीस. मला वाटायचं, तुला तेवढी ओढ नाही."

काकूंनी बाह्या खाली केल्या, एक-एक करून, मनगटापर्यंत. मला कळले, मित्रांनो, की काका जितके चुकले होते तितक्याच त्याही चुकल्या होत्या आणि हे त्यांना आता या परक्या टेबलावर, परक्या माणसासमोर कळत होते.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी कधी मागितलंच नाही. मग आता मागते. मला पुढच्या वर्षी इथं यायचंय. याच आठवड्यात, गर्दी नसताना. तुमच्याबरोबर. दात अडले तर लोक चार दिवस मऊ खातील. मला हवंय हे. ऐकलंत?"

"ऐकलं," काका म्हणाले.

"असू दे म्हणत नाहीय मी."

"ऐकलं म्हटलं ना!" काकांनी डोळे पुसले आणि कागद हसऱ्याकडे सरकवला. "माफ करा. आम्ही भाड्यानंच येऊ."

हसऱ्याने पंचवीस चौकोनांचा कागद घडी करून खिशात ठेवला. तो रागावला नाही. "आज सकाळपासूनचा तिसरा नकार," म्हणाला. "पण एवढा चांगला कुणी दिला नव्हता." आणि नौकाविहाराची चिठ्ठी काढून त्याने काकूंच्या हातात दिली. या वेळी तो बसवलेल्या दातांनी नाही, खरेखुरे हसला.

काकांनी तिथेच, त्याच टेबलावरून मेट्रनबाईंना फोन लावला. अंदाजाचा प्रश्नच नव्हता. तारीख, वार, किती रात्री, सगळे सांगितले. "देते की," बाई म्हणाल्या, "पडूनच आहेत."

काकूंनी फोन ओढून घेतला. "बाई, गर्दी नसताना तेवढ्याच पॉइंटांत दोन खोल्यांचं घर मिळतं. एक खोली तुमची."

मग बाई म्हणाल्या, "मी तिथं जात नाही. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारतेय."

"बघते," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

एक वर्ष गेले. मी माळ्यावर गेले नाही, कपाटाशेजारी उभी राहिले. निघायच्या आदल्या आठवड्यात काकांकडे तीन माणसे आली. एकाच्या घरी समारंभ होता. काका कसानुसा चेहरा करून आत आले आणि काकूंकडे पाहिले. काकूंनी फक्त मान हलवली, नाही अशी. काका बाहेर गेले आणि म्हणाले, "सोमवारनंतर या. तोवर मऊ खा." मित्रांनो, टाळी वाजवायला मला हात नाहीत, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

मेट्रनबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि पिशवीतून कपडे बाहेर डोकावत होते. एवढी शिस्तीची बाई आणि असे सामान!

"बाई, तुमची बॅग कुठंय?" काकांनी विचारले.

"आहे घरी. शेवटचं तिथून आलो ना, तेव्हा यांनी भरली होती. परत आलो आणि आठवड्यात ते गेले." त्या ताठ उभ्या होत्या. "मी ती उघडलेली नाही."

काकूंनी मला दारातच आडवे केले, कड्या उघडल्या, काकांचे कपडे एका बाजूला सरकवले, त्यातले दोन शर्ट तर बाहेरच काढले आणि बाईंचे कपडे एकेक करून घडी घालून माझ्यात ठेवले. माझा अर्धा भाग त्यांना दिला. मी एकशे चाळीस जबडे वाहिले आहेत, पण त्या सहा साड्यांएवढे जपून मी काही वाहिले नाही.

बाई पहिला दिवस खोलीतच बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चपला हातात घेऊन पायरीवर आल्या आणि काकूंच्या शेजारी बसल्या. "पाणी गार आहे," म्हणाल्या. बाकी काही नाही. त्या वर्षापासून आम्ही तिघांचे सामान घेऊन जातो. यंदा तिसरी खेप. पॉइंट बाईंचे, वर्गणी निम्मी-निम्मी आणि काकूंची रक्कम बँकेत जिथल्या तिथे आहे.

मित्रांनो, वस्तू माळ्यावर गुंडाळून ठेवली म्हणजे ती जपली असे होत नाही. ती पुसावी लागते, उन्हात ठेवावी लागते आणि मुख्य म्हणजे वापरावी लागते. माझी एवढी विनंती घरी जाऊन मोठ्यांना सांगा. विकत घ्यावे की भाड्याने, हा प्रश्न तुम्हालाही मोठेपणी पडेल. तेव्हा दोन्हीकडची गाठोडी जरूर मोजा. पण त्याआधी आपल्या माणसाला विचारा, "तुला काय हवंय?" आणि तो किंवा ती 'असू दे' म्हणाली, तर तिथून उठू नका. पुन्हा विचारा.